खालच्या ओळीतले नऊ उंदीर

“गुणाजी, हा सतरा नंबरचाच आणलात ना?”

“सतराच आहे बाई. कानाची खूण बघा.”

सबनीसबाईंनी उंदराचा कान बघितला आणि हातातली काचेची नळी परत खिडकीच्या उजेडाला धरली. नळीत खाली लाल रक्त बसलं होतं. त्याच्यावर जे पाणी सुटतं, ते पांढरं होतं. भाताची पेज असावी तसं.

“मग हे असं कसं?”

मी उंदराला फडक्यात धरून उभा. सतरा नंबर माझा अंगठा हुंगत होता, त्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

“दुसरी नळी द्या,” बाई म्हणाल्या.

दुसरी बावीस नंबरची होती. तीही पांढरी. बाई स्टुलावर बसल्या. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून परत परत बघायला लागल्या.

आता हे पांढरं काय आणि बाई एवढ्या का हादरल्या, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही.

साल ब्याऐंशी. पुण्यात एका संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची लांबडी खोली होती, तिथं मी रोजंदारीवर कामाला. काम एकच, पांढरे उंदीर सांभाळायचे. मी मुळशी खोऱ्यातला, शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. आमच्याकडं उंदीर दिसला की हातात असेल ते फेकून मारायची रीत, आणि इथं मी उंदरांची नखं बघत होतो, दात बघत होतो, थंडी लागते का बघत होतो. गावाकडं सोयरे विचारायचे, “काय काम करतोस रं?” मी म्हणायचो, “सरकारी.” तेवढ्यावर भागवायचो.

सबनीसबाई तिथं डॉक्टरकीचा प्रबंध करत होत्या. औषधाची डॉक्टरकी नव्हे, अभ्यासाची. त्यांचा सवाल एवढाच होता की जन्मभर थोडं कमी खायला दिलं, तर म्हातारपणी रक्तातल्या चरबीचं काय होतं. त्यासाठी एकाच आठवड्यात जन्मलेले साठ उंदीर घेतले. तिसांना खातील तेवढं खाऊ द्यायचं. दुसऱ्या तिसांना त्याच्यातलं जवळजवळ निम्मं, म्हणजे निम्म्याहून थोडं वर. बाई टक्क्यांत सांगायच्या, माझ्या डोक्यात टक्के बसायचे नाहीत. मी आपलं नाव ठेवलं, सोळा आण्यांचे आणि दहा आण्यांचे. आधी बाई हसल्या. मग त्याही तसंच म्हणायला लागल्या. शेवटी बाईंच्या वरचे साहेब, डॉक्टर चौबळ, एवढे मोठे गृहस्थ, तेसुद्धा दारातून विचारायचे, “काय गुणाजी, दहा आण्यांचे आज काय म्हणतात?”

उंदराचं आयुष्य ते केवढं. दोन वर्षं झाली की म्हातारा. त्या दोन वर्षांत मी रोज तराजूवर एकेकाचा शिधा तोलून देत आलो. खाद्याच्या तपकिरी वड्या असायच्या, त्या सुरीनं तासून वजन बरोबर करायचं. दोन वर्षांनी चित्र असं होतं: सोळा आण्यांचे लग्नातल्या पंगतीनंतर आडव्या झालेल्या पाव्हण्यासारखे पसरलेले, अंगावरचे केस पिवळट, आणि तिसातले तेराच उरलेले. दहा आण्यांचे सडसडीत, डोळे लकाकणारे. मी दारात आलो की उभे राहून जाळी धरायचे. ते पंचवीस जिवंत होते.

दर तीन महिन्यांनी रक्त काढायचं. आदल्या संध्याकाळी खाद्य काढून घ्यायचं, नुसतं पाणी ठेवायचं, आणि सकाळी उपाशीपोटी शेपटीच्या टोकाशी थोडं. मी धरायचं, बाईंनी काढायचं. मग नळ्या फिरवायचं यंत्र होतं, आम्ही त्याला चक्री म्हणायचो, तिच्यात त्या गरगरा फिरवायच्या. रक्त खाली बसतं, पाणी वर येतं. पुढं बाई त्यात औषधं घालून आकडे काढायच्या, ते मला कळायचं नाही. पण चक्री थांबली की बाईंच्या आधी मी वाकायचो. कारण निम्मी गोष्ट तिथंच दिसायची, शाळेची गरज नव्हती. सोळा आण्यांच्या म्हाताऱ्यांचं वरचं पाणी दुधाळ. दहा आण्यांचं निवळ, गव्हाच्या ताज्या काडीच्या रंगाचं. नळीमागं पेपर धरला तर अक्षर दिसेल.

मी एकदा विचारलं, “बाई, उपाशीपोटी रक्त काढलं, मग ह्यांच्या रक्तात चरबी आली कुठनं?”

“शरीर साठवतं ना. लिव्हरमधून परत रक्तात सोडतं, आणि मग अंगाच्या कानाकोपऱ्यात ती उचलली जाते. तरुणपणी ही उचल झटपट होते. वय झालं की उचल कमी होते, मग ती रक्तातच फिरत राहते.”

“म्हणजे मंडईत माल उतरलाय आणि हमाल म्हातारे झालेत.”

“हमाल म्हातारे!” बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. “आणि दहा आण्यांच्या मंडईत मालच कमी येतो, म्हणून रस्ता मोकळा. असं आम्हाला वाटतं. वाटणं आणि असणं यात फरक असतो, गुणाजी. म्हणून तर हे उंदीर.”

अजून मी दरसाल माझं रक्त तपासायला देतो तेव्हा तिथल्या पोरीला म्हणतो, बाळ, नळी फिरवून झाली की मला दाखव. ती हसते. म्हातारा चळलाय असं वाटत असेल तिला.

तर त्या दिवशी, डिसेंबर होता, सतरा नंबर पांढरा, बावीस पांढरा. संध्याकाळपर्यंत पंचवीसातले नऊ पांढरे निघाले. बाकी सोळा नेहमीसारखे निवळ. बाईंनी वजनाची वही काढली. त्या नऊंची वजनंही महिन्याभरात थोडी वर गेलेली.

बाईंनी वही मिटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “गुणाजी, एक विचारू? रागवू नका.”

“विचारा की.”

“तुम्ही कधी, दया येऊन... एखादी वडी...”

मी तराजूच आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. “बाई, दोन वर्षं ह्यावर तोलतोय. दिवाळी नाही, पंचमी नाही. माझी पोरगी फणफणली होती तवासुद्धा आलो. आईची शपथ घेऊन सांगतो, ह्या नऊ जणांच्या तोंडात जास्तीचा एक कण माझ्या हातनं गेला असेल तर...”

“पुरे, पुरे. चुकलं माझं.” त्यांनी दोन्ही हात वर केले. “विचारलं नसतं तर मी संशोधक कसली?”

मला राग आला होता, पण तो टिकला नाही. माझ्याही डोक्यात किडा वळवळायला लागला होता. ह्या नऊ जणांनाच काय झालं?

दोन दिवसांनी चौबळसाहेब आले. उंच गोरा माणूस, बोलताना खिशातला रुमाल काढायचा आणि परत ठेवायचा. बाईंनी भीतभीत आकडे दाखवले. साहेबांनी वाचले. परत वाचले. रुमाल बाहेर आला.

“सबनीस, घाबरलीस कशाला? ही चूक नाही, ही बातमी आहे!”

“सर?”

“म्हातारपणी शरीर कमी खाण्यालाही सरावतं. सगळ्यांचं नाही, काहींचं. चरबी परत वर. वजन परत वर. खाणं तेवढंच! अगं, हे कोणी असं दाखवलंय का? फेब्रुवारीत हैदराबादला मोठी परिषद आहे, तिथं वाचायचं. टिपण लिहायला घे.”

बाईंचा चेहरा हळूहळू उजळला. दोन दिवस झोपल्या नसाव्यात, एकदम दहा वर्षांनी लहान झाल्या. साहेब जाता जाता माझ्याकडं वळले. “आणि गुणाजी, तुझी फाईल मी डायरेक्टरांकडं पाठवली. नऊ वर्षं रोजंदारी झाली की तुझी? जानेवारीअखेर कायमची ऑर्डर. पेढे ठेव तयार.”

नऊ वर्षं. नऊ वर्षं रोज सकाळी असं वाटायचं की आज म्हणतील, उद्यापासून येऊ नको. मी साहेबांच्या पायाला हात लावायला वाकलो तर ते म्हणाले, “अरे, आधी हात धुऊन ये, उंदीर धरलेले आहेत.” बाई परत हसल्या. असा आनंदाचा दिवस.

जाताना बाईंनी मला एक चिठ्ठी दिली. “हे नऊ नंबर. ह्या पिंजऱ्यांना लाल कागद चिकटवा. हे आपले खास पाहुणे.”

चार, नऊ, सतरा, बावीस, एकतीस... असे विस्कटलेले आकडे. आता ह्याच्यात एक मेख आहे. बाईंनी सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून नंबर दिले होते आणि सोळा आण्यांच्या आणि दहा आण्यांच्या वेगवेगळ्या मांडण्यांवर पिंजरेही चिठ्ठ्या काढूनच लावले होते, म्हणजे उगाच चांगली जागा एकालाच नको. त्यामुळं वहीत बघितलं तर कुठला नंबर कुठं बसतो ते कळायचं नाही. ते माझ्या एकट्याच्या डोक्यात. बाई नंबर बघायच्या, मी जागा बघायचो. सतरा नंबर म्हटलं की मला आकडा दिसायचाच नाही, मला ती जागा दिसायची.

मी खळ घेऊन निघालो. चार. वाकून चिकटवला. नऊ. त्याच्या शेजारीच. सतरा. वाकलेलाच होतो. बावीस, एकतीस. पाठ सरळ करायची वेळच आली नाही.

नऊच्या नऊ खालच्या ओळीत. उत्तरेच्या खिडकीखाली, एकाला एक लागून.

मी तिथंच फरशीवर बसलो. म्हातारपण काय ओळ बघून येतं? वरच्या ओळीतल्यांना येत नाही आणि खालच्यांना येतं?

आधी वाटलं, थंडी. खिडकीच्या फटीतनं वारा येतो, खालची ओळ गारठते. मग म्हटलं, गारठ्यानं वजन वाढेल कसं? उलट झडेल. मग उजेड बघितला. पाण्याच्या बाटल्या बघितल्या. जाळीला एखादं भोक आहे का, शेजारच्याचं खाणं पळवतात का, ते बघितलं. काही नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी मी बसलेलोच. बसून बसून मी नुसता बघत राहिलो, आणि तवा मला बावीस नंबर दिसला.

दोन पायांवर बसला होता. पुढच्या दोन्ही हातांत काहीतरी धरून, आपण शेंगा खातो तसा, भराभर दातांनी सोलत होता. टाकलं. खाली वाकून दुसरं उचललं. मी जवळ गेलो. त्याच्या हातात तूस होतं. भाताचं तूस.

आणि ते तूस मीच घातलेलं.

पिंजऱ्यात खाली अंथरायला लाकडाचा भुसा लागतो. तो एका वखारीतनं यायचा. दिवाळीच्या सुमाराला ती वखार बंद पडली, भुसा पुरेना. त्यात थंडी पडली. जाड्यांना काही वाटत नव्हतं, पण दहा आण्यांचे खालच्या ओळीतले कुडकुडायचे. अंगावर चरबी नाही, ऊब धरणार कशानं? मला बघवेना. माझ्या बायकोच्या भावाचा, सोपानाचा, गावाकडं भात कांडायचा हलर आहे. तिथं तुसाचे ढीग लागतात, फुकट. एक पोतं आणलं आणि खालच्या ओळीत भुशाऐवजी चांगलं जाड अंथरलं. पोरं त्यात घर करून उबेला बसली. मला किती बरं वाटलं होतं.

मूठभर तूस रुमालात बांधलं आणि घरी आलो.

“हौसा, सूप घे.”

“आल्या आल्या सूप? आधी पाय तरी धुवा.”

“घे म्हटलं ना.”

हौसानं सूप घेतलं. मी रुमाल त्यात मोकळा केला. तिनं दोन झटके दिले, हलकं तूस पुढं उडालं, आणि तिनं सूप तिरकं धरून थोपटलं. माझ्या बायकोसारखं पाखडणारं पंचक्रोशीत कोण नाही. सुपाच्या मागच्या अंगाला तांबूस पीठ जमलं आणि त्यात कण्या.

“आगं, हे काय?”

“काय म्हंजे? कोंडा. सोपानदादाचा हलर जुना हाय, त्यात तूस आन् कोंडा एकत्रच पडतो. कण्या बी पडतात.” तिनं चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि मला वास दिला. “बघा, तेल सुटतंय. म्हशीला घातला तर दूध वाढंल, आन् तुम्ही उंदराखाली हातरताय व्हय?”

सगळं एका दमात कळलं. माझी पोरं भुकेली. सोळा आण्यांच्या जाड्यांखाली हेच तूस घातलं असतं तर त्यांनी ढुंकून बघितलं नसतं. पण भुकेल्यानं कण न् कण शोधून खाल्ला. आणि रक्त काढायच्या आदल्या रात्री खाद्य काढलं तरी अंथरूण तिथंच. उपाशीपोटी कसले, पंगतीतनं उठून आलेले होते. मी जास्तीचा कण दिला नाही म्हणून आईची शपथ घेतली, आणि घातलं होतं अख्खं पोतं.

हौसाला सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “कोणाला सांगितलंय?”

“कोणालाच नाही.”

“मग सांगू बी नका. उद्या गुमान तूस काढा, भुसा घाला. ऑर्डर हातात येऊ द्या. नऊ वर्सं झाली अवं. त्या सायबाला एवढा आनंद झालाय, त्याच्यावर पानी ओतल्यावर तो तुमची फाईल पुढं ढकलंल व्हय?”

बोलणं खोटं नव्हतं. मी रात्रभर तेच घोळवलं. गुपचूप तूस काढलं तर कोणाला कळणार? पण मग दोन गोष्टी व्हायच्या. एक, बाई हैदराबादला शंभर माणसांपुढं उभ्या राहून माझ्या तुसाची गोष्ट म्हातारपणाची म्हणून सांगणार. आणि दुसरी, ही कोणाला सांगायला लाज वाटते, पण खरी आहे. तूस काढल्यावर रक्त निवळतं की नाही, हे मला कधीच कळणार नव्हतं. रक्त परत तीन महिन्यांनीच काढणार, तोवर म्हातारे जगले तर जगले. म्हातारपणी एकदा गढूळ झालेलं रक्त परत निवळ होतं का? मला ते बघायचंच होतं. नोकरी जाईल ही भीती एका बाजूला, आणि हे एका बाजूला.

सकाळी बाई टेबलाशी टिपण लिहीत होत्या. मी पुडी त्यांच्या कागदावर ठेवली.

“हे काय आणलंत? प्रसाद?”

“तुमच्या खास पाहुण्यांचं जेवण.”

त्यांनी पुडी उघडली. कोंडा, कण्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वखार, थंडी, सोपान, सूप. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकदम उसळल्या.

“दोन वर्षं! दोन वर्षं मी एकेका ग्रॅमसाठी... गुणाजी, भुसा बदलला हे मला सांगायचं नाही?”

“बाई, ते अंथरूण. आमच्यात अंथरूण बदलल्याचं कोणी कोणाला सांगत नाही.”

“अंथरूण!” त्यांनी डोकं धरलं. “आणि मी तरी कधी विचारलं? वहीत खाण्याला रकाना, पाण्याला रकाना, वजनाला रकाना. उंदीर बसतो कशावर, त्याला रकानाच नाही.” मग टिपणाचे कागद उचलले, फाडणार असं वाटलं, पण नुसते उलटे करून ठेवले. जरा वेळानं पुडीत बोट बुडवलं. चोळलं. वास घेतला. त्यांचा आवाज बदलला.

“दिवसाला किती खात असेल एक उंदीर?”

“तेच मीही म्हणतो.”

“तूस किती घालता, वजन करून?”

“नाही. पण आता करू की.”

“आणि तूस काढलं तर?”

“तेच तर बघायचंय, बाई.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, पण ओठ हलायला लागले होते, मनातल्या मनात हिशेब चाललेला. “तीन आठवडे. तीन आठवडे साधा भुसा, आणि मग परत रक्त. बाकीचे सोळा तसेच. सर तयार व्हायला हवेत.” आणि मग थांबल्या. “गुणाजी, सरांना सांगताना तुमचं नाव घ्यावं लागेल. पिंजरे मी साफ करत नाही, हे त्यांना माहीत आहे.”

“घ्या.”

“ऑर्डरचं?”

“घ्या नाव, बाई. लवकर घ्या, नाहीतर मी पळून जाईन.”

साहेबांनी ऐकलं तेव्हा रुमाल खिशातच राहिला. मला बोलावलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. “तुला कळतंय का तू काय केलंस?” म्हणाले. मी म्हटलं, “कळतंय साहेब.” “नऊ उंदीर मारून टाका, सबनीस. ते आता कचरा आहेत. आणि तुझी फाईल मी परत मागवतो, गुणाजी. कायमचं माणूस जबाबदारीचं लागतं.”

बाई म्हणाल्या, “सर, मी नऊ मारणार नाही. तीन आठवडे द्या.”

“कशाला?”

“बघायला.”

साहेब दार लावून गेले. बाईंनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

मी नाना पेठेतल्या एका सुताराकडनं पोतंभर भुसा आणला, घरी हौसाकडनं पाखडून घेतला, बाईंनी तो तोलला, वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, अंथरूण. हौसा पाखडताना म्हणत होती, “उंदराच्या भुशासाठी सूप लावायची पाळी माझ्यावर! आन् ऑर्डर गेली ती गेलीच.” पण एक काडी ठेवली नाही तिनं.

पहिले चार दिवस नऊ जण माझ्याकडं असे बघायचे की विचारू नका. चार नंबर तर पाठ फिरवून बसायचा. मी म्हणायचो, “बाबा, तुझ्यापायी माझी पण वडी कापली गेलीय.” जानेवारी लागला. ऑर्डरचं नाव कोणी काढत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एकतीस नंबर गेला, वयानंच गेला. आठ राहिले.

तो रक्ताचा दिवस आला. मी आठ जणांना एकेक करून धरलं. चक्रीत नळ्या लावल्या, झाकण लावलं. ती फिरायला लागली आणि दार वाजलं. चौबळसाहेब. कोपऱ्यात उभे राहिले, हातात रुमाल.

चक्री मंदावली. थांबली. मी नेहमीसारखा वाकलो नाही. बाईंनी झाकण काढलं आणि म्हणाल्या, “गुणाजी, तुम्ही काढा.”

चार नंबर. उजेडाला धरला. निवळ. गव्हाची काडी.

नऊ नंबर. निवळ.

सतरा. मी बाईंच्या हातात दिला, माझ्याच्यानं बघवेना. त्यांनी नळीमागं वहीचा कागद धरला आणि वरचा आकडा मोठ्यानं वाचला. निवळ!

बावीस, तोही. एकूण सहा निवळ. महिन्याभरापूर्वी पेज होती तिथं. म्हाताऱ्या, पार थकलेल्या उंदरांचं रक्त, आणि नुसतं वरचं खाणं तुटल्यावर धुऊन निघालं. बाईंनी तोंडावर हात धरला होता. मी हसत होतो की रडत, मला आठवत नाही.

पण उरलेले दोघे तसेच पांढरे. त्यांना तोच भुसा, तोच शिधा, तीच ओळ.

साहेब पुढं आले. दोन्ही नळ्या घेतल्या, खिडकीपाशी नेल्या, बराच वेळ फिरवून फिरवून बघितल्या.

“ह्या दोघांना काय घातलंस?”

“काही नाही साहेब. ह्या वेळी बाईंनी तोललंय, बायकोनं पाखडलंय.”

“मग हे का?”

“ठाऊक नाही.”

“सबनीस?”

“मलाही नाही सर.”

साहेबांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. नऊ वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते. “बस,” म्हणाले. “तू रोज बघतोस. पहिल्या दिवसापासून सांग. हे दोघे बाकीच्यांहून वेगळे कुठं आहेत?”

मी बसलो आणि सांगायला लागलो. पहिला लहानपणी आजारी पडला होता. दुसरा खाऊन झाल्यावर हलतच नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, बाकीचे निदान जाळी चढतात. साहेब ऐकत होते, बाई लिहीत होत्या. जेवणाची सुट्टी झाली, कोणी उठलं नाही. शेवटी साहेब उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, “फाईल परत मागवलेली आहे, गुणाजी. आता पुन्हा पाठवायची म्हणजे वेळ लागेल.”

“लागू द्या साहेब.”

“लागेलच. मी काही माघार घेतोय असं समजू नकोस. तूस तूच घातलंस.”

वेळ लागला. थोडाथोडका नाही, तीन वर्षं. बाई हैदराबादला गेल्या नाहीत. त्यांचा प्रबंध वर्षभर लांबला, पण झाला, आणि त्या तिथंच नोकरीला लागल्या. ते दोघे उंदीर कधीच मेले, आणि त्यांचं रक्त का निवळलं नाही ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. नव्या उंदरांवर आम्ही तेच शोधत बसलो.

ऑर्डर आली ती सकाळची. ऑफिसातनं कागद घेतला, तीनदा वाचला, बारा वर्षांनी माझं नाव छापून आलेलं. पळतच उंदरांच्या खोलीत गेलो. बाई खाली फरशीवर बसल्या होत्या, एका पिंजऱ्याला नाक लावून.

“बाई, झालो! कायम झालो!”

“अरे वा! अभिनंदन, गुणाजी, फार फार बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मान न वळवता हातानं मला खुणावलं. “पण आधी इकडं या. आवाज करू नका. हा बघा काय करतोय.”

मी ऑर्डर तशीच चुरगाळून खिशात कोंबली आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकले.